बर्फातल्या हंगामी नोकरीला निघताना आधी छप्पर पाहा

ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्याकडे समुद्रकिनारे आणि तापलेलं वाळवंट आठवतं. पण सिडनी आणि मेलबर्न यांच्या मधल्या डोंगरांत जून ते ऑक्टोबर बर्फ असतो आणि त्या बर्फावर एक मोठा व्यवसाय उभा आहे. न्यू साउथ वेल्समध्ये थ्रेडबो आणि पेरिशर, व्हिक्टोरियात माउंट बुलर, फॉल्स क्रीक आणि माउंट होथम ही तिथली मोठी स्की रिसॉर्ट्स. जूनच्या दुसऱ्या सोमवारी राजाच्या वाढदिवसाची सुट्टी असते. त्या जोडसुट्टीला हंगाम उघडतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला आटोपतो. तेवढ्या चार महिन्यांसाठी लिफ्टवर उभे राहणारे, खोल्या आवरणारे, भांडी घासणारे, कॉफी करणारे, स्कीचे बूट भाड्याने देणारे अशी सगळी माणसं दरवर्षी नव्याने भरावी लागतात. आपल्या मुलामुलींनाही त्यात जागा मिळू शकते.

हे काम शोधणाऱ्याला मी पहिली गोष्ट सांगेन ती राहण्याच्या जागेबद्दल. शहरात नोकरी लागली की खोली मागाहून मिळते, चार दिवस कुणाकडे तरी काढता येतात. डोंगरावर तसं होत नाही. तिथे घरं मोजकी, पर्यटक भरपूर आणि रात्रीचं तापमान शून्याखाली. म्हणून कामाचा अर्ज आणि खोलीचा शोध एकाच दिवशी सुरू करा, आणि झोपायची जागा ठरल्याशिवाय त्या डोंगराकडे जाणारी बस पकडू नका.

आता परवानगीचं. ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसाचं, म्हणजे उपवर्ग ४६२चं, दार भारतीयांना २०२४मध्ये उघडलं. वर्षाला १,००० जागा आहेत आणि त्या सोडतीने दिल्या जातात. वय १८ ते ३० असावं लागतं. बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण पूर्ण झालेलं हवं. इंग्रजीची अट फार कडक नाही, आयईएलटीएसमध्ये सरासरी ४.५ चालतात. सुरुवातीच्या खर्चासाठी सुमारे ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आणि परतीच्या तिकिटापुरते पैसे खात्यात दाखवावे लागतात. सोडतीच्या नोंदणीचं शुल्क २५ डॉलर. नाव निघालं तर खऱ्या व्हिसाचा अर्ज २८ दिवसांत करायचा आणि त्याचं शुल्क वेगळं. नोंदणीच्या तारखा फक्त ऑस्ट्रेलियन गृहखात्याच्या संकेतस्थळावर पाहा. पहिल्याच सोडतीला जागांच्या कित्येक पट नावं आली होती, तेव्हा नाव निघेल या भरवशावर हातातली नोकरी सोडू नका. तसंच पासपोर्ट, पदवीची प्रमाणपत्रं आणि इंग्रजीचा निकाल आधीपासून तयार ठेवा. २८ दिवस म्हणजे विद्यापीठाकडून एखादा कागद मिळवायलाही कमी पडतील इतका काळ आहे.

व्हिसा मिळाल्यापासून बारा महिन्यांच्या आत ऑस्ट्रेलियात पाऊल ठेवायचं असतं, आणि तुमचं वर्ष पाऊल ठेवल्या दिवसापासून मोजलं जातं. याचा फायदा घ्या. नोव्हेंबरात व्हिसा आला म्हणून डिसेंबरात विमान पकडायची गरज नाही. मे महिन्यात गेलात तर पूर्ण हंगाम मिळेल आणि पुढचे सात-आठ महिनेही हाती राहतील. या व्हिसावर एका मालकाकडे सहसा सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही, पण बर्फाचा हंगामच चार महिन्यांचा असल्यामुळे ती अट इथे आड येत नाही.

सोडतीत नाव नसलं तरी काही मराठी घरांतली मुलं आधीच तिथे आहेत. मेलबर्न किंवा सिडनीत शिकणाऱ्यांना सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं आणि अभ्यासक्रमाच्या अधिकृत सुट्टीत तासांची मर्यादा नसते. तिथल्या विद्यापीठांची हिवाळी सुट्टी साधारण जून-जुलैत येते, शाळांच्या सुट्ट्याही त्याच सुमाराला, आणि डोंगरावर सर्वांत जास्त गर्दी तेव्हाच असते. पूर्ण हंगाम न देऊ शकणाऱ्याला मोठी रिसॉर्ट्स सहजासहजी घेत नाहीत. पण छोट्या लॉज आणि उपाहारगृहांना त्या तीन-चार आठवड्यांसाठी जास्तीचे हात हवे असतात. शिक्षण संपवून पदवीधर व्हिसावर असलेल्यांना तर तासांचं बंधनच नाही.

इथे एक इशारा अगदी स्पष्ट द्यायला हवा. कॅनडा आणि जपान या देशांच्याही अशाच वर्किंग हॉलिडे योजना आहेत, पण त्या भारतीय पासपोर्टसाठी नाहीत. तेव्हा बॅन्फ किंवा निसेकोच्या स्की रिसॉर्टवर ‘वर्किंग हॉलिडे व्हिसा’ मिळवून देतो म्हणत कुणी लाखभर रुपये मागत असेल, तर तो तुम्हाला फसवतो आहे. ऑस्ट्रेलियाच्या सोडतीतही कुणाची ओळख चालत नाही. खरं रिसॉर्ट उमेदवाराकडून नोकरीसाठी एक पैसाही घेत नाही. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे अशा ठिकाणी गेलेले पाहिले की फार वाईट वाटतं, म्हणून हे लिहितो आहे.

कामाचे अर्ज जानेवारी-फेब्रुवारीपासून करायला लागा. जूनच्या कामासाठी मे महिन्यात जागं होणाऱ्याला उरलंसुरलं मिळतं, आणि त्यासोबतची खोली तर मिळतच नाही. पेरिशर, फॉल्स क्रीक आणि होथम ही तिन्ही व्हेल रिसॉर्ट्स या एकाच कंपनीची आहेत. थ्रेडबो आणि बुलर वेगळ्या कंपन्यांकडे. त्यांच्या संकेतस्थळांवर हंगामी जागा जाहीर होतात. पण फक्त याच कंपन्यांकडे पाहू नका. डोंगरावरची आणि पायथ्याची लॉज, पब, बेकऱ्या, स्की भाड्याने देणारी दुकानं हे सगळे स्वतंत्रपणे माणसं घेतात. माझं मत विचाराल तर, ज्याला गर्दीपेक्षा घरगुती वातावरण मानवतं त्याने छोट्या लॉजकडे आधी अर्ज करावा. तिथे एकाच माणसाला सकाळी नाश्ता, दुपारी खोल्या आणि संध्याकाळी भांडी असं सगळं करावं लागतं. पण त्याबरोबर खोली आणि जेवण मिळण्याची शक्यताही जास्त असते.

अर्जासोबतचा बायोडेटा एका पानाचा ठेवा. वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, फोटो यातलं काहीही तिथे लिहीत नाहीत. त्याऐवजी वरच दोन ओळी ठळक हव्यात: तुमच्याकडे कोणता व्हिसा आहे किंवा येणार आहे, आणि तुम्ही कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत उपलब्ध आहात. संपूर्ण हंगाम थांबणारा माणूस त्यांना हवा असतो, म्हणून ही तारखांची ओळ तुमच्या पदवीपेक्षा जास्त वाचली जाते. हॉटेलात काम केलं नसेल तर जे खरं केलंय ते लिहा. गणेशोत्सवात मंडळाच्या रांगा सांभाळल्या असतील, भावाच्या दुकानात गल्ल्यावर बसला असाल, कॉलेजच्या कँटीनमध्ये हात लावला असेल, तर लिफ्टच्या रांगेवर किंवा काउंटरवर हाच अनुभव कामी येतो. स्की येत नसेल तर येत नाही असं सांगा. शिकवणारे आणि बचाव पथकातले सोडले तर बहुतेक कामांना त्याची गरज नसते. हौसच असेल तर मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत किंवा गुलमर्गच्या स्की संस्थेत हिवाळ्यात प्राथमिक अभ्यासक्रम चालतात. तो केलात तर बर्फात उभं राहण्याची भीती तरी जाईल.

बारमध्ये किंवा दारू वाढणाऱ्या उपाहारगृहात काम हवं असेल, तर जबाबदारीने मद्य देण्याचं प्रमाणपत्र लागतं. त्याला तिथे आरएसए म्हणतात. ते राज्यागणिक वेगळं असतं, तेव्हा डोंगर कोणत्या राज्यात आहे हे ठरल्यावरच पैसे भरा.

आता खोलीकडे येऊ.

थ्रेडबो आणि पेरिशरचं पायथ्याचं गाव म्हणजे जिंडाबाइन. मूळ गाव १९६०च्या दशकात स्नोई जलविद्युत योजनेच्या धरणाखाली गेलं आणि आताचं गाव तलावाच्या काठावर नव्याने वसवलेलं आहे. उन्हाळ्यात शांत असणाऱ्या या गावात हिवाळ्यात बाहेरची गर्दी लोटते. शनिवार-रविवारच्या पर्यटकाला घर दिलं की मालकाला जे पैसे मिळतात ते कामगाराच्या भाड्यातून मिळत नाहीत. त्यामुळे साधी, परवडणारी खोली फेब्रुवारी-मार्चमध्येच बोलली जाते. व्हिक्टोरियातही असंच असतं: बुलरसाठी मॅन्सफिल्ड, फॉल्स क्रीकसाठी माउंट ब्यूटी, होथमसाठी ब्राइट किंवा डिनर प्लेन.

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे मालकाची कर्मचारी-निवासाची खोली. मुलाखतीतच विचारा की खोली मिळेल का आणि ती ऑफर-पत्रात लिहून येईल का. ‘बघू, होईल काहीतरी’ या उत्तरावर विसंबू नका. पुढचे प्रश्न संकोच न करता विचारायचे: एका खोलीत किती जण? भाडं आठवड्याला किती, आणि ते पगारातून कापतात का? वीज आणि हीटर त्यात धरलाय का? स्वयंपाकघर आहे का, की फक्त कँटीन? काम मध्येच सुटलं तर खोली किती दिवसांत सोडायची? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि संकटात तोच महागात पडतो. नोकरी गेली की त्याच आठवड्यात डोक्यावरचं छप्परही जाणार असेल, तर त्या कमजोर बाजूची जाणीव तुम्हाला आधीच हवी. मुलींनी फक्त मुलींची खोली मिळेल का हे लेखी विचारावं. अनेक ठिकाणी मिश्र खोल्या असतात, पण वेळेत सांगितलं तर वेगळी सोय होऊ शकते. शाकाहारी असाल तर स्वयंपाकघराचा प्रश्न तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा. चार महिने फक्त चिप्स आणि पास्त्यावर, तेही थंडीत आठ तास उभं राहून, काढणं शरीराला झेपत नाही.

मालकाची खोली नसेल तर चार-पाच जण मिळून हंगामासाठी घर घेतात. इथे कायदा तुमच्या बाजूने आहे, तो माहीत करून घ्या. न्यू साउथ वेल्समध्ये रीतसर भाडेकरारावर चार आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत मागता येत नाही, आणि ती रक्कम मालकाच्या खिशात न राहता राज्याच्या फेअर ट्रेडिंग विभागाकडे जमा व्हावी लागते. व्हिक्टोरियात हेच काम तिथलं बाँड प्राधिकरण करतं. अनामत भरल्यावर तुमच्या नावाची पावती सरकारी यंत्रणेकडून आली पाहिजे. आली नाही तर विचारा. घर ताब्यात घेताना भिंतींचे, गादीचे, गालिच्याचे फोटो तारखेसह काढा. समाजमाध्यमांवर फोटो पाहून, घर न बघता, अनोळखी माणसाच्या खात्यात पैसे पाठवू नका. तुम्ही अजून भारतात असाल तर पायथ्याच्या गावातल्या हॉस्टेलमध्ये पहिला आठवडा आरक्षित करा, जा, घर डोळ्यांनी पाहा, मग करार करा. तो एक आठवडा महाग वाटेल, पण बुडालेल्या अनामतीपेक्षा स्वस्तच पडेल.

आकडे डोळ्यांसमोर असू द्या. समजा खोलीचं भाडं आठवड्याला ३०० डॉलर आहे. चार आठवड्यांची अनामत १,२०० आणि दोन आठवड्यांचं आगाऊ भाडं ६००, म्हणजे पहिला पगार व्हायच्या आत १,८०० डॉलर गेले. त्यात बूट, थर्मल, जलरोधक हातमोजे आणि किराणा धरा. व्हिसासाठी दाखवलेले ५,००० डॉलर उसने आणून दाखवणाऱ्यांना पहिल्याच महिन्यात याची झळ लागते. ते पैसे खरोखर स्वतःचे हवेत.

पगाराचा हिशेबही करून पाहू. ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय किमान वेतन जुलै २०२५पासून ताशी २४.९५ डॉलर आहे आणि दर जुलैला ते बदलतं. कॅज्युअल म्हणून घेतलं तर त्यावर सहसा २५ टक्के जास्त मिळतात, म्हणजे ताशी ३१ डॉलरच्या आसपास. आठवड्याला ३० तास मिळाले तर साधारण ९३० डॉलर. ४६२ व्हिसावरच्या माणसाचा पहिल्या ४५,००० डॉलरवरचा कर १५ टक्के, मालकाने करखात्याकडे तशी नोंदणी केलेली असेल तर. हातात सुमारे ७९० येतील, भाडं गेल्यावर ४९० उरतील. हे चांगलं आहे, पण ३० तास मिळतीलच याची हमी कॅज्युअल कामात नसते. जूनचा पहिला पंधरवडा बऱ्याचदा बर्फाविना जातो. यंत्राने बर्फ तयार करतात, तरी त्यालाही पुरेशी थंडी लागते, आणि उतार बंद राहिले की तासही कमी होतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र विश्रांती मागावी लागते इतकं काम असतं. म्हणून हंगामाकडे एकत्र पाहा आणि जूनचा महिना स्वतःच्या पैशांवर निघेल अशी तयारी ठेवा.

स्की रिसॉर्टच्या कामांसाठी ऑस्ट्रेलियात अल्पाइन रिसॉर्ट्स अवॉर्ड नावाचा वेतननियमच आहे. उपाहारगृहं आणि पबना आतिथ्य व्यवसायाचा वेगळा. तुमच्या कामाला कोणता लागू आहे ते विचारा आणि फेअर वर्क ऑम्बड्समनच्या संकेतस्थळावर दर पडताळा. पगार झाल्यानंतर एका कामकाजाच्या दिवसात वेतनचिठ्ठी मिळालीच पाहिजे. चिठ्ठी न देता रोख पैसे हातावर ठेवणारा मालक, मग तो आपल्या भाषेत कितीही गोड बोलत असला, तरी टाळा. तक्रारीसाठी फेअर वर्कचा दूरध्वनी क्रमांक १३ १३ ९४ आहे. करक्रमांक म्हणजे टीएफएन पोहोचल्यावर ऑनलाइन फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

जिंडाबाइनहून पेरिशर आणि थ्रेडबो ही दोन्ही ठिकाणं तीस-पस्तीस किलोमीटरवर आहेत. पेरिशरला बुलक्स फ्लॅटहून बोगद्यातून जाणारी स्किट्यूब नावाची रेल्वे आहे. सकाळची पाळी सहा-सातला सुरू होत असेल, तर पहिली बस किंवा गाडी त्याआधी पोहोचवते का, हे खोली पक्की करण्याआधी पाहा. स्वतःची जुनी गाडी घ्यायचा मोह होईल. कॉझिअस्को राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत हिवाळ्यात टू-व्हील ड्राइव्ह गाड्यांना चाकांच्या साखळ्या सोबत ठेवणं सक्तीचं आहे आणि उद्यानाचं प्रवेशशुल्कही भरावं लागतं. बर्फावर कधी गाडी चालवली नसेल तर पहिल्या हंगामात बसनेच जा. पैसे वाचवायला गाडीत झोपण्याचा विचार तर मनातूनही काढून टाका. बंद जागेत शेगडी किंवा गॅस पेटवून झोपल्याने कार्बन मोनॉक्साइडने माणसं झोपेतच दगावतात.

विम्याबाबत हात आखडता घेऊ नका. भारताचा ऑस्ट्रेलियाशी परस्पर आरोग्यसेवेचा करार नाही, त्यामुळे तिथली सरकारी आरोग्ययोजना, म्हणजे मेडिकेअर, लागू होत नाही. कामावर इजा झाली तर मालकाच्या कामगार-विम्यातून उपचार होतात, व्हिसा कोणताही असो. पण सुट्टीच्या दिवशी स्की करताना गुडघा गेला तर खर्च तुमचा. कर्मचाऱ्यांना लिफ्टचा पास फुकट किंवा सवलतीत मिळतो, त्यामुळे तुम्ही स्की करणारच. विमा घेताना हिवाळी खेळ त्यात समाविष्ट आहेत का, हे पॉलिसीत शब्दशः वाचा. अनेक स्वस्त प्रवासविम्यांत ते वगळलेले असतात.

सामान बांधताना सुती कपडे कमी घ्या. घामाने ओले झालेले सुती कपडे थंडीत वाळत नाहीत आणि अंगातली ऊब खेचून घेतात. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर्मल दोन-तीन जोड पुरतात. बाकी जाड जाकिटं भारतात महाग घेण्यापेक्षा तिथल्या धर्मादाय संस्थांच्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत स्वस्त मिळतात, आणि बहुतेक मालक गणवेशाचं जाकीट देतात. बर्फावरून परावर्तित होणारं ऊन फार तीव्र असतं, तेव्हा सनस्क्रीन आणि चांगला गॉगल हवाच. मसाले, पीठ, लोणचं, तूप, आईने दिलेले लाडू, जे काही खाण्याचं असेल ते विमानतळावरच्या आगमन कार्डावर जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील, लपवलेली सापडली तर मोठा दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. छोटा कुकर मात्र जरूर न्या. डाळ-तांदूळ कूमा गावच्या किंवा जिंडाबाइनच्या सुपरमार्केटात मिळतात, आणि आपला किराणा हवा तर अडीच तासांवर कॅनबरा आहे.

ऑक्टोबरनंतर काय करायचं ते ऑगस्टमध्येच ठरवा, कारण सगळे हंगामी कामगार एकाच आठवड्यात डोंगर उतरतात आणि एकाच वेळी काम शोधतात. न्यू साउथ वेल्समधल्या यंग गावाच्या परिसरात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चेरीची तोडणी असते. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरावीक भागांत ठरावीक प्रकारचं तीन महिने काम केलेलं लागतं. कोणत्या पिनकोडमधलं कोणतं काम धरलं जातं याची यादी गृहखात्याने दिली आहे. डोंगरावरचं काम आपोआप त्यात बसेल असं गृहीत धरू नका, पिनकोड पाहूनच निर्णय घ्या.

ऑस्ट्रेलियाचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, म्हणून एकाच हंगामाचं उत्पन्न दोन करविवरणपत्रांत विभागलं जातं. जूनच्या तीन-चार आठवड्यांचं विवरण ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचं असतं, बाकीचं पुढच्या वर्षी. मालकाने पगाराखेरीज १२ टक्के रक्कम तुमच्या निवृत्तिनिधीत, म्हणजे ‘सुपर’मध्ये, भरलेली असते. देश कायमचा सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर ती परत मागता येते. ४६२ व्हिसावर असताना जमलेल्या या रकमेवर ६५ टक्के कर कापतात, तरी उरलेले पैसे तुमचेच आहेत. त्यासाठी सुपर खात्याचा क्रमांक आणि प्रत्येक मालकाच्या वेतनचिठ्ठ्या डोंगर उतरण्याआधीच मोबाइलमध्ये साठवून ठेवा, आणि त्या खात्याला ऑस्ट्रेलियन फोन क्रमांकाऐवजी घरचा ईमेल जोडा.